यादी मिळाली नाही. पेशंटला विचारा.

ती ओळ मी काढून टाकली होती. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं डबा खाल्ला त्या मित्रांनाही नाही. ओळ जावा नावाच्या संगणकाच्या भाषेतली होती. तिच्यापायी आमच्या ऑफिसातल्या भाऊंची नोकरी गेली आणि नावही गेलं. ती काढणारे भाऊ नव्हते, मी होतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण भाऊंबद्दल बोलायला लागलो की त्यांच्या गमती आठवतात, आणि गमती सांगता सांगता मुख्य गोष्ट टाळायची मला जुनी सवय आहे.

भाऊ कुठल्याच खुर्चीवर सरळ बसत नसत. आधी तळहाताने दाबून पाहायचे, मग मागचा पाय हलवून पाहायचे, मग टेकायचे. स्वतःच्या रोजच्या खुर्चीवरही. चहाचा कप उचलला की तोंडाला लावायच्या आधी आत डोकावायचे. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, आणि त्याच्यावर हसलाही असाल. आम्ही तर पोटभर हसायचो.

आमचं ऑफिस नागपूरच्या लकडगंजमध्ये, एका आरा मशीनच्या वर. दोन खोल्या, सात माणसं. खाली सागाचे ओंडके कापले जायचे आणि वर आमच्या कीबोर्डवर भुसा पडायचा. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. भाऊ सगळ्यांत वयाने मोठे, तेव्हा पन्नाशीला टेकलेले. मूळचे कुहीकडचे. गावातल्या शाळेत आधी गणित शिकवायचे, पस्तिशीनंतर स्वतःच पुस्तकं आणून जावा शिकले. बायको आणि मुलगी कुहीलाच. ते नागपुरात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी मोटरसायकलने घरी जायचे.

खालच्या टपरीवर रोजचा संवाद ठरलेला.

"साखर टाकली का गा?"

"भाऊ, इतके साल झाले, एकदा तरी विसरलो का मी?"

"ज्या दिवशी विसरशीन, त्या दिवशी तुले तरी माहीत राहीन का?"

टपरीवाला आमच्याकडे बघून कपाळावर हात मारायचा आणि चमचा पुन्हा एकदा फिरवायचा.

कामातही हेच. जावात एखादं छोटं काम करणारा तुकडा लिहिला की त्याला बाहेरून काही वस्तू मिळतात: पेशंटचं नाव, वय, वजन. कधी कधी त्यांतली एखादी वस्तू येतच नाही. त्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामंही नव्हे. मी नवा होतो तेव्हा भाऊंनी मला समजावलं होतं.

"पंगतीत बसला. समोर ताट हाय, पण रिकामं. ते एक. अन् समोर ताटच नाही. ते दुसरं. ताटच नाही तं वाढशीन कशात? जमिनीवर?"

म्हणून भाऊंच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तीन-चार ओळी पहाऱ्याच्या असायच्या. ही वस्तू आली का? नसेल तर तिथेच थांब आणि काय आलं नाही ते नाव घेऊन सांग. त्यांचे ते निरोप आम्हाला पाठ होते. बाकीच्यांचे प्रोग्रॅम अडले की पडद्यावर काहीतरी अगम्य इंग्रजी यायचं. भाऊंचे अडले की पत्र आल्यासारखं वाटायचं. 'वजन आले नाही. अंदाजाने भरू नये.' 'तारीख मिळाली नाही. आजची समजू नये.'

आम्ही चेष्टा करायचो. "भाऊंच्या घरी पाहुणा दारातच अर्धा तास. आधार कार्ड दाखव, मग पाणी." एकाने तर विचारलं, "भाऊ, घास घेण्याआधी तोंड हाय का नाही, तेही चेक करता का?"

"हाव," भाऊ पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "तुह्याएवढं मोठं नाही, पण हाय."

माझ्या लग्नातली गोष्ट. मुहूर्ताला अर्धा तास होता. भाऊ मांडवात कुणाशी न बोलता थेट माझ्यापाशी आले.

"मंगळसूत्र आणलं?"

"असेल ना भाऊ. आईकडे असेल."

"असन म्हणू नको. पाहून सांग."

आईकडे नव्हतं. मामीकडे नव्हतं. घरी कपाटात राहिलं होतं. भाऊंनी किल्ली मागितली, मोटरसायकलला किक मारली आणि ऐन लग्नसराईच्या गर्दीतून जाऊन पंचवीस मिनिटांत डबी घेऊन आले. माझ्या हातात देताना म्हणाले, "उघडून पाय. रिकामी डबी असन तं?" मी उघडून पाहिली. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंची माणसं हसत होती आणि माझ्या बायकोने, म्हणजे तोवर ती झाली नव्हती, मान वर करून या माणसाकडे एकदा पाहिलं. आजही ती म्हणते, आपलं लग्न भाऊंनी लावलं.

असा हा माणूस. आणि माझा त्याच्यावर जीव होता, हेही खरं. पण खरंच लिहायचं तर त्यांच्या त्या ओळी मला आवडत नव्हत्या. मी तेव्हा पस्तिशीचा, हुशार समजला जाणारा. मला कोड सुटसुटीत हवा असायचा, एका नजरेत वाचून होईल असा. भाऊंचं पान उघडलं की खरं काम सहाव्या ओळीपासून सुरू. मला ते म्हातारपण वाटायचं.

पूर्व नागपुरातल्या एका नर्सिंग होमला आम्ही औषधांच्या तक्त्याचा प्रोग्रॅम दिला होता. पेशंट आला की काउंटरवर त्याची नोंद व्हायची. त्यात एक पान ऍलर्जीचं. कुठलं औषध सोसत नाही, ते विचारून भरायचं. मग वॉर्डातली सिस्टर औषध द्यायला स्क्रीन उघडायची, तेव्हा ती यादी तिच्यासमोर यायची. गर्दीत काउंटरवाले ते पान सोडून द्यायचे. मग यादी यायचीच नाही, आणि भाऊंची ओळ स्क्रीन अडवायची: 'यादी मिळाली नाही. पेशंटला विचारा.' यादी रिकामी आली तर मात्र स्क्रीन पुढे जायची आणि हिरव्या अक्षरांत लिहायची: 'ऍलर्जी: नाही.' भाऊंचं म्हणणं सरळ होतं. रिकामी यादी म्हणजे कुणीतरी विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला. यादीच नाही म्हणजे कुणी विचारलंच नाही.

आषाढात भाऊ दरवर्षी रोवणीला गावी जायचे. धान लावायला घरचे हात कमी पडतात, म्हणून दोन दिवस. त्या वर्षी शुक्रवारी सकाळी ते ऑफिसला आले, हजेरीवर सही केली आणि दुपारी एकला कुहीला निघाले. निघताना मला म्हणाले, "मी सोमवारी येतो. काही पाठवा लागलं तं पाठव. पण वाचून पाठव."

आमच्याकडे पद्धत अशी होती की दवाखान्याला जाणारा कुठलाही बदल भाऊंच्याच मशीनवरून, त्यांच्याच नावाने जायचा. शेवटचं वाचन त्यांचं, म्हणून नाव त्यांचं. त्यांचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. त्यांनीच दिला होता.

दोनच्या सुमाराला नर्सिंग होममधून मोठ्या सिस्टरचा फोन. स्क्रीन अडली. अडीचला पुन्हा. चारपर्यंत सहा फोन झाले. "अहो, इथे लाइन लागली आहे. डॉक्टर माझ्यावर ओरडून राहिले. तुमचं ते 'विचारा, विचारा' बंद करा ना." आमचे मालक रायपूरला होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "जो करना है करो यार, फक्त त्यांचा फोन मला परत नको यायला." कोण करणार, काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी भाऊंच्या खुर्चीवर जाऊन बसलो. पडद्याच्या कडेला त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'सोमवारी काउंटरवर बसणे. पान का सुटते ते पाहणे.' म्हणजे अडचण त्यांना माहीत होती. ओळीत दोष नाही, काउंटरवर आहे, हेही माहीत होतं. मी ती चिठ्ठी वाचली. वाचली नाही असं मी म्हणू शकत नाही.

मग मी ती ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं: यादी आली नसेल, तर रिकामी समज.

काढताना मला बरं वाटलं. हे कबूल करायला मला बारा वर्षं लागली. पान एकदम मोकळं दिसायला लागलं. पाचला बदल पाठवला आणि अर्ध्या तासाने सिस्टरचा फोन आला. "बघा, किती पटकन झालं. ते मोठे सर उगाच लांबवतात." मी हसलो. तो शब्द, 'उगाच', मला फार आवडला.

सोमवारी भाऊ आले. नखांत चिखल, हातात पिशवीभर भाजीचे दोडके, सगळ्यांना वाटायला.

"काही पाठवलं का गा?"

"किरकोळ."

"वाचलं होतं ना?"

"हो."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दाबून पाहणाऱ्या माणसाने माझा शब्द तेवढा न तपासता घेतला. त्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे नर्सिंग होमला जाऊन काउंटरवर बसले, पान बंधनकारक करायला हवं असं मालकांना लिहून दिलं. मालकांनी 'पुढच्या महिन्यात' म्हटलं. फोन यायचे बंद झाले होते, मग पुढचा महिना कशाला येतो.

दिवाळीनंतर एक बाई त्या नर्सिंग होममध्ये दाखल झाल्या. जवळच्या खेड्यातल्या, वय पन्नासच्या आसपास. त्यांना एका इंजेक्शनचा पूर्वी जबर त्रास झाला होता. जुन्या कागदावर लाल शाईत लिहिलेलं होतं, पण तो कागद पिशवीतच राहिला. काउंटरवर कुणी विचारलं नाही. सिस्टरने स्क्रीन पाहिली, हिरव्या अक्षरांत 'ऍलर्जी: नाही.' तिने तेच इंजेक्शन दिलं.

बाई वाचल्या. तीन दिवस श्वासाच्या मशीनवर होत्या, पण वाचल्या. मी त्या तीन दिवसांत देवाला काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होतो की माझ्यासाठी, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी नर्सिंग होमचे डॉक्टर आमच्या ऑफिसात आले. मालकांनी सगळ्यांसमोर त्या फाइलचा इतिहास उघडला. कुठली ओळ कधी बदलली आणि कुणाच्या नावाने, ते त्यात राहतं. ओळ आषाढात काढलेली. नाव भाऊंचं. मालकांनी हजेरीचं रजिस्टर काढलं. त्या तारखेला भाऊंची सही. ते दुपारी एकलाच निघाले होते, याची नोंद नव्हती.

"भाऊ, आप?" मालक म्हणाले. "तुम्ही? चहात डोकावून पिणारा माणूस?"

भाऊ पडद्याकडे वाकून पाहत राहिले. तारीख वाचली. वेळ वाचली. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांची मान मला दिसत होती. त्या वेळी आपण कुठे होतो हे त्यांना कळलं असणार: गुडघाभर चिखलात, कुहीच्या धानाच्या बांधीत. आणि आपला पासवर्ड कुणाकडे होता, तेही.

"माह्या मशीनवरून गेलं," ते म्हणाले. "जबाबदारी माही."

"पण काहून, भाऊ?" मालकांनी विचारलं.

"ते मले नाही सांगता येत."

डॉक्टर गेल्यावर भाऊ पाणी प्यायला म्हणून बाहेर आले आणि मला जिन्यात बोलावलं. लाकडी जिना, खालून भुश्याचा वास. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुले काही सांगायचं हाय का?"

माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. हे मी कारण म्हणून स्वतःला शेकडो वेळा सांगितलं आहे. पण त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. मला फक्त मालकांचा चेहरा दिसत होता, आणि आतमध्ये बसलेले सहकारी.

भाऊ थांबले. खाली आरा मशीनने एक अख्खा ओंडका कापून संपवला तोवर ते थांबले. त्यांनी माझ्या तोंडी शब्द घातला नाही. ओरडले नाहीत. 'तूच ना?' असंही म्हणाले नाहीत.

"नाही, भाऊ," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी कठड्यावर हात टेकला. "सूनबाई बरी हाय ना? जास्त चढउतार नको करू देऊ."

शनिवारी ते गेले. सोबत खुर्चीवरची उशी आणि स्टीलचा पेला, एवढंच. सोमवारी मालकांनी मला त्यांच्या जागेवर बसवलं. पडद्याच्या कडेला ती चिठ्ठी अजून होती. मी ती काढून खिशात घातली. घरी जाईपर्यंत तिचा लगदा झाला होता, मी तिला इतका वेळ मुठीत चोळत होतो.

नागपूर आमच्या धंद्यात फार लहान गाव आहे. भाऊ दोन कंपन्यांत गेले. दोन्हीकडे त्यांना विचारलं, "ते नर्सिंग होमवालं, तुम्हीच ना?" ते म्हणायचे, "हाव, माह्याच नावावर हाय." तिसरीकडे गेलेच नाहीत. कुहीला परतले, शेती पाहायला लागले. संध्याकाळी गावातल्या पोरांना फुकट गणित शिकवायचे म्हणे. दिवाळीला मी फोन करायचो. "मजेत हावो. धान बरं हाय. पोरगी कशी हाय तुही, शाळेत जाते का?" त्या विषयावर अक्षर नाही. मग मी दोन दिवाळ्यांतून एकदा फोन करायला लागलो. मग तोही नाही.

आता आमचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारतीत आहे. मी पन्नाशीला आलो. नवी मुलं-मुली येतात तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना मी स्वतः शिकवतो. नल का तपासायचं, रिकामी यादी आणि न आलेली यादी यांत फरक काय, पंगत, ताट, सगळं. आणि शेवटी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक सिनियर होते, त्यांनी घाईत एक ओळ काढली, आणि एका बाईचा जीव जाता जाता वाचला. मुलं वहीत लिहून घेतात. धडा चांगला बसतो. एकदा एका मुलीने हात वर केला.

"सर, इतके अनुभवी होते, मग त्यांनी असं का केलं असेल?"

"माणूस आहे," मी म्हणालो. "होतं."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पण पुढच्या बॅचला तीच गोष्ट तशीच सांगितली.

मागच्या थंडीत भाऊ गेले. शेतातून आले, ओसरीत बसले, आणि बसल्या जागी. मला तेरवीच्या दिवशी सकाळी कळलं. मी एकटाच गाडी घेऊन कुहीला गेलो. अंगणात मंडप, पंगती चालू. भाऊंच्या पत्नीने मला ओळखलं. "तुमची लई आठवण काढत," त्या म्हणाल्या. "मंगळसूत्राची गोष्ट तं कितींदा सांगत." मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो.

त्यांची मुलगी मला मागच्या गोठ्यापाशी घेऊन गेली. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, संगणकाचंच शिकते. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी भाऊंसारखा सपाट.

"काका, एक विचारू का? तुम्ही तेव्हा तिथे होते म्हणून."

"विचार ना, बेटा."

"ती ओळ बाबांनीच काढली होती का?"

मी गोठ्यातल्या गायीकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, मला प्रश्न कळला नाही.

"आई विचारायची तं म्हणत, माह्या मशीनवरून गेलं. बस, तेवढंच. दहावीत असताना आमचं कशावरून तरी भांडण झालं, मी अभ्यास नीट तपासून करत नाही म्हणून ते रागावले. मी म्हटलं, तुम्ही मले शिकवू नका. तुमच्या चुकीनं ती बाई मरत होती." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते जेवून राहिले होते. जेवण पुरं केलं, स्वतःचं ताट धुतलं, अन् बाहेर जाऊन बसले. मी कधी माफी नाही मागितली. मले वाटायचं, खरं तेच तं बोलली." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण आता मी तेच शिकून राहिली ना, काका. त्यांच्या जुन्या वह्या पाहिल्या. पानोपानी तपासणी. हा माणूस अशी ओळ काढूच शकत नाही. काढली असन तं सांगा. नसन काढली तरी सांगा. मले दोन्ही चालते."

गाय पेंढा चघळत होती. मंडपातून वाढप्यांची हाक येत होती. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते, आणि तिथे ऐकायला आम्ही दोघंच होतो.

"आता एवढ्या वर्षांनी नीट आठवत नाही, बेटा," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. थोडा वेळ गायीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "जेवून जा, काका. उपाशी नका जाऊ."

मी जेवलो. तेही सांगायला हवं. तिने स्वतः वाढलं आणि मी दोनदा भात घेतला.

त्याला आता सात महिने झाले. त्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, भाऊंना माझं बोलणं आता ऐकू येणार नाही. मालकांना सांगितलं तर माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल, ते मी सोसेन. पण ती मुलगी रोज उठून हे मनात घेऊन कॉलेजला जाते की आपण बापाला बोललो ते खरं होतं की खोटं. हे सगळं इथे लिहिलं म्हणून तिला काही मिळालेलं नाही. तिच्यासमोर, तिच्या आईला शेजारी बसवून, ती ओळ तुझ्या बाबांनी काढली नव्हती, मी काढली, आणि त्यांना ते माहीत होतं, एवढं मला तोंडाने सांगायचं आहे. कुही तासाभराच्या रस्त्यावर आहे. मी अजून गेलेलो नाही.